दोघांत एक वाडगा

१२ जानेवारी, सोमवार

मंडळाचे झगे धुवायला आले. दोन मोठी गाठोडी. नव्या प्रमुखाच्या पदग्रहणाआधी ते दरवर्षी माझ्या लॉन्ड्रीत येतात आणि दरवर्षी गाठ सोडण्याआधी मी खिडकी उघडते. लांबून बघणाऱ्याला पांढरी लोकर आणि खांद्यावरचा लाल क्रूस दिसतो. मला कॉलर दिसते. कॉलरीला केस काळे करायच्या रंगाचा पट्टा, काखेत पिवळी वर्तुळं, पोटावर रस्सा. एकाने तर बाहीला नाक पुसलं होतं. ते सुकून कडक झालं होतं.

"बाई, हे युद्धावर जाऊन आले की जेवणावळीला?" इस्त्रीवाली म्हणाली.

"युद्धावर गेले असते तर बरं झालं असतं. रक्त गार पाण्यात जातं. तेल जाता जात नाही."

हे मंडळ फ्रीमेसन लोकांचं, बंद दारांआड शपथा घेऊन भेटणाऱ्या पुरुषांचं. त्यांच्या जिन्याला पायऱ्या फार. वरच्या एका पायरीवर पोचलं की माणूस स्वतःला नाइट टेम्पलर म्हणवून घेऊ शकतो. आमच्या शहरातल्या शाखेत असे मूठभर सरदार आहेत. एक दंतवैद्य, एक विमा एजंट, एक फर्निचरवाला. आणि आमचे हे. यंदाचे प्रमुख म्हणून ह्यांचीच निवड झाली आहे.

मी कॉलेजात इतिहास घेतला होता. खरे टेम्पलर कोण होते ते मला ठाऊक आहे. बाराव्या शतकातले, निम्मे भिक्षू, निम्मे सैनिक. गरिबीची शपथ घेतलेले, जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंना सांभाळणारे. पुढे त्यांचा मठ गबर झाला, राजाची नजर गेली आणि कित्येक जण जिवंत जाळले गेले. त्या माणसांच्या राखेतून ह्या लोकांनी फक्त कपडे उचलले.

पदग्रहणाच्या दिवशी नव्या प्रमुखाला लांबलचक पाठ म्हणावा लागतो. तोंडपाठ. हातात कागद दिसला तर शोभा. ह्यांना त्याची धास्ती असायचं कारण नाही. उभा जन्म लिलाव पुकारण्यात गेला. शंभर खुर्च्यांमध्ये कोणाची भुवई हलली तेही ह्यांच्या लक्षात राहायचं. दोन वर्षांपूर्वी एका लिलावात मधेच हातोडा खाली ठेवला, "कंटाळा आला" म्हणाले आणि घरी आले ते आलेच. लहरी माणूस.

१४ जानेवारी, बुधवार

ग्रंथालयातून टेम्पलरांच्या मूळ नियमांचं पुस्तक आणलं. हेतू शुद्ध नव्हता. संध्याकाळी ताटं वाढली आणि वाचायला घेतलं.

"ऐका सरदार. जेवताना बोलायचं नाही. काही हवं असेल तर खूण करायची. टोकदार बूट आणि नाड्या वर्ज्य. निजताना सदरा-विजार अंगावर, कमरेला पट्टा, आणि दिवा पहाटेपर्यंत जळता. एकट्याने भटकायचं नाही. घरची पत्रं वरिष्ठांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. बाईचा मुका नाही, मग ती आई असो की बहीण. भांडी कमी असतील तर दोघांत एक वाडगा. शिकार बंद, फक्त सिंहाची चालेल. तुमच्या विमा एजंटाने अलीकडे किती सिंह मारले?"

एरवी ह्यांनी मला दोन वाक्यांत गप्प केलं असतं. आज चमचा खाली ठेवला.

"ते जेवणाचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"शहाणी माणसं होती," म्हणाले.

१६ जानेवारी, शुक्रवार

जेवताना एक शब्द नाही. मी विचारलं, आमटी कशी झाली, तर मान डोलावली. मग अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळत बसले.

"काय हवंय?"

पुन्हा बोटं.

"मीठ? मग मीठ म्हणा की! जिभेला काय झालं?"

ओठांवर बोट ठेवून हसले. मौन पाळतात म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिठाची बरणी आपटली ती त्यांच्याच ताटाशेजारी. ह्यांनी चिमूट न घेता अख्खी मूठ घातली आणि ती खारट आमटी मुकाट संपवली.

१९ जानेवारी, सोमवार

नाड्यांचे बूट कपाटात गेले. जुन्या सपाता घालून मंडळाच्या सरावाला निघाले, तेही दारात थांबून राहिले. एकट्याने जायचं नाही, नियम आहे. मी दुकान इस्त्रीवालीवर टाकून ह्यांना दोन गल्ल्या ओलांडून पोचवून आले. साठी उलटलेला माणूस, बायकोची बाही धरून शाळेत जातो आहे.

"सोवळं जास्तच झालं साहेबांचं," इस्त्रीवाली म्हणाली. "आता मुंडण करून बसतील बघा."

"केलं तर कॉलरी तरी स्वच्छ राहतील."

हसलो दोघी. पण ह्यांच्या सदऱ्याचं पुढचं कापड हल्ली मीच वेगळं भिजत टाकते. हनुवटीखाली डाळ, चहा, औषधाचा गुलाबी ओघळ. बटणं एकेक घर चुकलेली. संन्यास घेतला की माणूस स्वतःकडे बघणं सोडतो, असं वाचलं होतं. आरसा बघत नाहीत वाटतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

झोपेचा नियमही सुरू झाला. बाहेरच्या कपड्यांतच पलंगावर. दिवा चालू. मी बंद केला की घाबऱ्या घाबऱ्या उठून पुन्हा लावतात. चादरीला घामट वास. मी आयुष्यभर दुसऱ्यांचा घाम धुतला, पण तो दुकानात. घरी पलंगावर मला साबणाचा वास लागतो. आजपासून मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर.

२६ जानेवारी, सोमवार

हे लिहितानाही अंगावर काटा येतो. आज ह्यांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि माझ्याच ताटात जेवायला लागले. दोघांत एक वाडगा. मी भाताला हात लावला की हे भाताला. मी पाणी प्यायले की हे पेला उचलणार. मी मुद्दाम लोणच्यावर बोट ठेवून थांबले. हेही थांबले, माझ्या हाताकडे डोळे लावून.

माकड आहात का तुम्ही, असं विचारलं. रागावले नाहीत. मी उठले, तेव्हा मात्र समोरच्या ताटाकडे असे बघत राहिले, जणू त्याचं काय करायचं ते कोणीतरी सांगेल.

ह्या मंडळाने माझ्या घरात मठ घातला आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

लेकीचा फोन. ह्यांना हाक मारली तर हातानेच नको म्हणाले. मी तिला नियम सांगितला, घरच्यांचे निरोप वरिष्ठांच्या परवानगीशिवाय नाहीत.

"आई, हे काय खूळ?"

"मला विचारू नकोस. तुझ्या बापाला विचार."

"मागच्या वेळी बोलले ना माझ्याशी. मावशी समजून बोलत होते. तुझा नवरा आता बरा आहे का, विचारलं. आई, मावसकाकांना जाऊन किती वर्षं झाली?"

"चेष्टा केली असेल."

"चेष्टा नव्हती ती."

"तुला तिथून काय कळतं?" मी म्हटलं आणि विषय बदलला. तिला लहानपणापासून सगळ्यात काहीतरी दिसतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दंतवैद्याच्या दवाखान्यात गेले. मंडळाचे मावळते प्रमुख तेच. मी मनात त्यांना कवळी म्हणते, कारण हसताना आधी दात दिसतात, मग माणूस. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले, हातमोज्यांचा रबरी वास. पेशंट बाहेर जाईपर्यंत मी थांबले आणि मग एका दमात सगळं सांगितलं. मौन, सपाता, दिवा, वाडगा, लेकीचा फोन.

कवळी हसायला लागले. "वहिनी, आमच्यापैकी एकानेही तो नियम वाचलेला नाही. आम्ही वर्षातून चार संध्याकाळी सरदार. बाकी वेळ मी दात उपटतो. आणि जेवताना गप्प? आमची जेवणं ऐकलीत तर कानांत बोटं घालाल."

"मग ह्यांनाच कुठून झटका आला?"

"ते मिठाचं पुन्हा सांगा."

सांगितलं. हसणं गेलं. खुर्ची ओढून समोर बसले.

"तीन सरावांना ते आले, बसून राहिले. घसा बसलाय म्हणाले. मला वाटलं, तयारी झालीय म्हणून वाचवून ठेवतायत. वहिनी, घरी एखादी रोजची वस्तू दाखवून नाव विचारून बघाल का? आणि मेंदूच्या डॉक्टरची चिठ्ठी देतो, ती..."

"तुम्ही दातांचं बघा," मी म्हटलं. "पद झेपत नसेल तर काढून टाका त्यांना. त्याचसाठी आले होते मी."

जिना उतरताना जीभ कडू झाली होती. स्वतःच्या मंडळाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं आणि वर डोकं तपासायला सांगायचं. असल्या माणसांची मला किळस येते.

४ फेब्रुवारी, बुधवार

इस्त्री दाखवली. आमच्या घराची चूल हिच्यावर पेटते. "ह्याला काय म्हणतात?"

टेबलावरून हात पुढे-मागे फिरवला. झकास अभिनय.

"खूण नको. नाव."

"ते... गरम," म्हणाले.

कात्री दाखवली. किल्ली दाखवली. घड्याळ दाखवलं.

आज एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

कवळी दुकानात आले. सोबत कोणाला आणलं नाही, तेवढी अक्कल दाखवली. काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकासारखे उभे राहिले.

"दोन वाटा आहेत, वहिनी. तब्येतीचं कारण सांगून फर्निचरवाल्याला प्रमुख करायचं. नाहीतर मी त्यांच्या मागे उभा राहतो, शब्द अडला की पुरवतो. तुम्ही म्हणाल तसं."

वा! गाठोडी आणून टाकावीत तसा निर्णयही माझ्या काउंटरवर आणून टाकला.

दुपारी इस्त्रीवाली गेल्यावर ह्यांना दुकानात बोलावलं. समोर स्टुलावर बसवलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

माझ्या हातांकडे बघितलं. मग बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सलग. शब्द शोधत, चुकीचा उचलून खाली ठेवत.

"लिलावात... फुलदाणी होती. समोर. निळी. नाव येईना. लोक बघतायत. म्हणून हातोडा ठेवला."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. हे एकदा... हे झालं की." खांद्यावर हात फिरवला. झगा म्हणायचं होतं. "मग तू ते पुस्तक आणलंस. सगळं होतं त्यात. गप्प बसायचं, दिवा, वाडगा. सगळ्याला नियम. बरं झालं."

"मी तुम्हाला माकड म्हटलं."

"चिडतेस तेव्हा बरं असतं," हे म्हणाले. "घर... नेहमीचं वाटतं."

मी उठून मशीनमधले ओले कपडे काढले. सगळे काढले, पुन्हा आत टाकले, पुन्हा काढले.

मला आजाराचा तिटकारा आहे, तो आजही आहे. लाळेचा, ओघळांचा, चुकलेल्या बटणांचा. कोणी मला त्यात काही सुंदर दाखवायला आलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन. पण ह्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.

कवळींना फोन केला. "फर्निचरवाल्याला सांगा, त्याला थांबावं लागेल."

११ फेब्रुवारी, बुधवार

पाठाची पुस्तिका ह्यांनी माझ्या हातात दिली. मेसन सोडून कोणाला, त्यातून बाईला, ती दाखवायची नाही अशी शपथ आहे. तलवारीवर हात ठेवून घेतलेली.

"शपथ मोडताय."

"कोणाला आठवणार?" म्हणाले, आणि डोळ्यांत ते जुनं लिलाववाल्याचं हसू आलं. मलाही हसू फुटलं. मग आम्हा दोघांनाही ते आवरेना.

वाचलं सगळं. दारं बंद करून पुरुष ज्याची राखण करतात ते इतकं पाल्हाळिक गद्य असेल असं वाटलं नव्हतं. एका वाक्यात तीन वाक्यांची खोगीरभरती. कॉलेजातल्या आमच्या प्राध्यापकांनी लाल शाईने रंगवून परत दिलं असतं. काय आहे ते इथे लिहीत नाही. शपथ माझी नाही, पण लिहिणार नाही.

इस्त्री चालू असताना मी एक ओळ म्हणते, हे मागून म्हणतात. वस्तूचं नाव येत नाही, पण जुन्या कार्यक्रमांत ऐकून ऐकून मुरलेली वाक्यं चाल धरली की धावत येतात. चाल सुटली की भिंत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सराव. आज ह्यांनी तीनदा तोच परिच्छेद म्हटला आणि तीनदा मला विचारलं, पुढचा कोणाचा आहे. मी ओरडले. मग टॉवेल ओला करून हनुवटी पुसली. सरावानंतर मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली, पदग्रहणानंतरची.

झगे सगळे तयार आहेत. ह्यांचा मी स्वतः धुतला. बाहीवाल्याचाही डाग निघाला, दुर्दैवाने.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कवळी येऊन ह्यांच्या शेजारी उभे राहून पाठ दोनदा म्हणून गेले. जाताना मला विचारलं, "वहिनी, मी जिथे अडकलो तिथला शब्द तुम्ही ओठांनी पुरवलात. तुम्हाला कसं...?"

"तुम्ही दातांचं बघा," मी म्हटलं.

ह्या वेळी त्यांचे दात दिसले ते मला खुपले नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल काही लिहिलं नाही. आता सकाळ आहे, हे अजून उठले नाहीत.

पदग्रहण काल दुपारी झालं. बायकांना आत मज्जाव. मी बाहेर कपडे बदलायच्या खोलीत बसले, खुंट्यांवरच्या कोटांमध्ये. तंबाखूचा, अत्तराचा, म्हाताऱ्या माणसांचा वास. दाराशी विमा एजंट झगा घालून, उपसलेली तलवार मांडीवर आडवी टाकून पहाऱ्यावर बसले होते. मोबाईलवर पत्ते खेळत होते. हसू दाबायला ओठ आवळून मी भिंतीकडे तोंड केलं.

आतून ह्यांचा आवाज आला. खणखणीत. जुना. लिलावाच्या दालनात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो. एजंटाने मोबाईल खाली ठेवला.

पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. मग मधल्या लांब वाक्यात आवाज थांबला.

मला पुढचा शब्द माहीत होता. तो माझ्या तोंडात आला होता. आतली शांतता वाढत गेली, कोणाचीतरी खुर्ची करकरली, आणि मी त्या दाराकडे बघत शब्द हळूच म्हटला. एजंट वळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तलवारीकडे बघितलं आणि पुन्हा समोर तोंड केलं.

आत कवळींची कुजबुज झाली असावी. आवाज पुन्हा उठला आणि शेवटपर्यंत गेला. टाळ्या पडल्या. मी रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, रुमालातच.

मंडळी बाहेर आली, हे सगळ्यांच्या पुढे. चेहरा उजळलेला. खांद्यावर क्रूस सरळ. छातीवर मात्र कशाचातरी लाल घोट सांडलेला. कोणीतरी पाठ थोपटली, कोणीतरी हात हातात घेतला. मग हे एकटेच माझ्यापाशी आले, झगा काढला, नीट घडी केली आणि मान लववून माझ्या हातात दिला.

"अहो बाई," म्हणाले, "हा डाग निघेल का हो?"

चाळीसेक वर्षं मला ह्या माणसाने अगंशिवाय हाक मारली नाही. कवळी मागे उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं.

मी डाग उजेडात धरून बघितला.

"निघेल," मी म्हटलं. "ताजा आहे. बुधवारी मिळेल."

"फार उपकार होतील." मग खोलीभर नजर फिरवली. खुंट्या, कोट, दारं. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी झाला. "मला घरी जायचं होतं. इथून... तुम्हाला रस्ता ठाऊक आहे का?"

मी झगा काखोटीला मारला आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं योग्य घरांत लावली. परक्या बाईला हे कसं करू द्यावं म्हणून बिचारे अवघडून उभे होते.

"चला," मी म्हटलं. "मी त्याच बाजूला निघाले आहे."